चिलापी मासा : त्याचे मूळ घर आणि आपली शेततळी

कराड येथे कृष्णा व कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात आणि तेथून एकत्र झालेला प्रवाह पूर्वेकडे वळतो. या प्रीतिसंगमाच्या परिसरात किंवा त्याखालच्या एखाद्या बंधाऱ्याच्या फुगवट्याशी उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी काठावर उभे राहून पाहावे. पाणी निवळ असेल तर गुडघाभर खोलीच्या जागी तळाच्या गाळात बशीसारखे वाटोळे खड्डे एकाशेजारी एक पडलेले दिसतात. कोणी त्यांना म्हशीच्या खुरांचे ठसे समजतात, तर कोणास वाळू काढणाऱ्यांची ती करणी वाटते. थोडा वेळ स्तब्ध उभे राहिल्यास प्रत्येक खड्ड्यावर एक काळसर मासा घिरट्या घालताना दिसेल. शेजारचा मासा हद्दीत शिरला की तो त्याच्या अंगावर धावून जातो व पुन्हा आपल्या जागी येतो. हा मासा म्हणजे आपल्या बाजारात सर्वत्र मिळणारा चिलापी, आणि ते खड्डे म्हणजे त्याची घरटी होत.

चिलापी आता इतका परिचित झाला आहे की तो कृष्णेचाच मासा आहे अशी तरुण पिढीची समजूत आहे. वस्तुतः तो आफ्रिकेतून आलेला आहे. त्याचे मूळ घर कसे आहे, आपल्या नदीत त्याला थारा का मिळाला आणि शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्यास त्याची माहिती का असावी, हे या लेखात क्रमाने सांगावयाचे आहे.

एका शेततळ्याची हकीकत

काही वर्षांपूर्वी कराड तालुक्यातील नदीकाठच्या एका शेतकऱ्याने आपल्या २० गुंठ्यांच्या तळ्यात कटला, रोहू व मृगळ या माशांची १,००० बोटुकली सोडली. बीज कोठून आणावे, किती सोडावे, पेंड आणि कोंडा किती घालावा हे सर्व त्यांनी मला विचारले होते व त्याप्रमाणे केलेही होते. वर्षाअखेरीस जाळे ओढले तेव्हा मी काठावर होतो. जाळे जड लागले म्हणून मंडळी आनंदली, पण ते काठाला आले तेव्हा त्यात तळहाताएवढ्या चिलापींचा ढीग होता. कटला-रोहू फार थोडे होते आणि त्यांतील बहुतेक पाव किलोच्या आतले होते. "साहेब, मी सोडले काय आणि निघाले काय?" असे ते म्हणाले. वर्षभराची पेंड कोणाच्या पोटात गेली, हे सांगण्याची गरज उरली नव्हती.

चौकशीअंती उलगडा झाला. तळे नदीवरील पंपाने भरले होते आणि पाणी आत पडते त्या नळाच्या तोंडाशी जाळी नव्हती. बीज व खाद्य यांविषयी मी पुष्कळ बोललो होतो, परंतु जाळीविषयी एक शब्दही सांगितला नव्हता. ही उणीव माझीच. त्याहून मोठी गोष्ट पुढेच घडली. विकण्याजोगे मासे निवडून झाल्यावर उरलेली बारीक चिलापी गड्यांनी घमेल्यात भरून शेजारच्या ओढ्यात ओतली. जिवंत जीव मारू नये, ही त्यामागची भावना. तो ओढा खालच्या दोन गावांच्या पाझर तलावांस मिळतो. पुढील वर्षी त्या तलावांतही चिलापी निघू लागली. एका शेतातील चूक पाण्याच्या वाटेने किती दूर जाते, याचा तो धडा होता.

चिलापीची ओळख

चिलापी हे नाव तिलापिया या शब्दावरून पडले आहे. आपल्याकडे त्याच्या मुख्यतः दोन जाती आढळतात. एक मोझांबिक तिलापिया व दुसरी नाईल तिलापिया. दोहोंचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे, उंच व खवल्यांनी भरलेले असते. पाठीवरील पर डोक्यामागून निघून शेपटीजवळपर्यंत सलग जातो. त्याचा पुढचा भाग कठीण काट्यांचा आणि मागचा मऊ असतो. हातात धरताना जे काटे टोचतात ते हेच. कटला, रोहू व मृगळ यांच्या पाठीवरचा पर लहान, मऊ व काट्यांविना असतो. एवढ्या एका खुणेवरून बोटभर पिलांतूनही चिलापी वेगळी काढता येते.

दोन जातींतील फरकही सोपा आहे. नाईल तिलापियाच्या शेपटीवर उभ्या, बारीक काळ्या रेषांचे पट्टे स्पष्ट दिसतात. मोझांबिक तिलापियाच्या शेपटीवर तसे पट्टे नसतात. विणीच्या काळात तिचा नर जवळजवळ काळा पडतो, गळ्याखालचा भाग पांढरट होतो आणि पाठीच्या व शेपटीच्या परांच्या कडा तांबूस होतात. या दोन जातींचा संकरही होतो. त्यामुळे काही मासे दोहोंच्या मधले दिसतात.

प्राणिशास्त्रात चिलापी सिक्लिड कुळात मोडते. या कुळाचा आपल्या देशातील माणूस म्हणावा असा मासा म्हणजे कोकण व गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर. मात्र काळुंदर हा खाडीच्या मचूळ पाण्याचा रहिवासी असून कृष्णेत तो नैसर्गिकरीत्या नाही.

अमेरिकेतील सनफिश : दुसरा असाच मासा

उत्तर अमेरिकेत सनफिश नावाचे गोड्या पाण्यातील माशांचे एक कुळ आहे. त्यांतील ब्लूगिल, म्हणजे निळ्या कल्ल्याचा सनफिश, चिलापीशेजारी ठेवला तर प्रथमदर्शनी दोघे भाऊ वाटतील. तेच चपटे उंच अंग आणि पाठीवर तोच काट्यांचा सलग पर. पण ही कुळे वेगळी आहेत. सारख्या प्रकारच्या पाण्यात सारखे जीवन कंठल्याने त्यांच्यात साम्य आले आहे.

ब्लूगिलचे मूळ घर म्हणजे संथ नद्यांच्या कडा, तळी व पाणवनस्पतींनी भरलेली उथळ सरोवरे. उन्हाळ्याच्या आरंभी पाणी तापू लागले की त्याचा नर उथळ जागी शेपटी हलवून वाळू-खडी दूर सारतो आणि बशीसारखे घरटे करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. मागे राहिलेला नर शेपटीने पाणी हलते ठेवतो व अंडी आणि पिले यांची राखण करतो.

ब्लूगिलची आठवण येथे करण्याचे कारण निराळे आहे. १९६० साली जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना काही ब्लूगिल भेट दिले. ते मत्स्यशास्त्राचे अभ्यासक होते व देशातील अन्नात भर पडावी या हेतूने त्यांनी ते मासे संशोधनसंस्थेस दिले. पुढे मासे सरोवरांत सोडले गेले. यथावकाश ते देशभर पसरले आणि जपानमधील सर्वांत मोठ्या बिवा सरोवरासह अनेक ठिकाणच्या स्थानिक माशांची अंडी-पिले खाऊ लागले. परक्या जीवांविषयीचा जपानचा कायदा २००५ साली अमलात आला, त्यात ब्लूगिलवर बंदी घातली गेली. २००७ साली सम्राट अकिहितो यांनी जाहीर सभेत याविषयी मनःपूर्वक खेद व्यक्त केला. हेतू चांगला होता व मासा आणणारी व्यक्ती जाणकार होती. असे असूनही एकदा वाहत्या पाण्यात गेलेला मासा परत बोलावता आला नाही.

चिलापीचे मूळ घर

मोझांबिक तिलापियाचे मूळ क्षेत्र आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला आहे. झांबेझी नदीच्या खालच्या भागापासून दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नद्यांपर्यंत ते पसरलेले आहे. तेथे ती संथ नद्यांत, पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या डबक्यांत, खाजणांत व खाड्यांत राहते. जोराच्या प्रवाहात ती टिकत नाही. ऊबदार, उथळ व जवळजवळ स्थिर पाणी आणि मऊ तळ हे तिचे आवडते घर होय.

ज्या पाण्यात ती वाढली ते वर्षातून अनेकदा बदलते. पुरात गोडे, उन्हाळ्यात खारट, कधी आटत आलेले, कधी प्राणवायू कमी झालेले असे ते असते. त्यामुळे या माशाच्या अंगी तीन गुण आले.

पहिला गुण सहनशीलतेचा. समुद्राइतक्या खारट पाण्यातही ही जात जगू शकते आणि प्राणवायू कमी झाल्यास पृष्ठभागाच्या पातळ थराशी तोंड लावून ती श्वास घेते. तिला न सोसणारी एकच गोष्ट म्हणजे थंडी. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की ती खाणे सोडते आणि त्याहून फार थंड पाण्यात मरते.

दुसरा गुण आहाराचा. शेवाळ, तळाचा कुजका पाचोळा, पाणकिडे, दुसऱ्यांची अंडी व पिले, शिवाय आपण घातलेली पेंड, असे जे मिळेल ते ती खाते.

तिसरा गुण संततीच्या संगोपनाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. नर खड्डा खणतो येथपर्यंत सनफिश व चिलापी यांची रीत एक आहे, पुढे मात्र ती बदलते. चिलापीची मादी खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेऊन खोल पाण्यात निघून जाते. अंडी तोंडातच उबतात. ऊबदार पाण्यात तीन ते पाच दिवसांत पिले बाहेर येतात. त्यानंतरही काही दिवस ती आईच्या तोंडातच असतात. पुढे चरावयास बाहेर पडली तरी धोका दिसताच ती पुन्हा तोंडात शिरतात. या काळात मादी जवळजवळ उपाशी असते. लहान मादीच्या तोंडात शे-दोनशे अंडी असतात, तर मोठीच्या तोंडात हजाराहूनही अधिक मावतात.

रोहूची मादी लक्षावधी अंडी घालते, मग शे-दोनशे अंड्यांचे भय कशास, असे कोणी विचारील. रोहूची अंडी पुराच्या पाण्यावर सोडलेली असतात आणि त्यांतील बहुतेक नष्ट होतात. चिलापीची थोडी अंडी आईच्या तोंडात सुरक्षित असतात व त्यांतील पुष्कळ जगतात. शिवाय रोहू वर्षातून एकदा, तेही नदीला पावसाळी पूर आला तरच वितो. साध्या तळ्यात तो आपण होऊन वीत नाही. म्हणूनच १९५७ साली डॉ. हीरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली तेव्हा तो मत्स्यपालनातील मोठा टप्पा मानला गेला. त्या १० जुलैच्या स्मरणार्थ आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. चिलापीला ना पूर लागतो, ना इंजेक्शन. पाणी ऊबदार असेल तर पाच-सहा आठवड्यांनी ती पुन्हा विते आणि मोझांबिक जातीची पिले तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात.

ती आपल्याकडे कशी आली

१९३०च्या दशकाच्या अखेरीस हा मासा जावा बेटावर आढळला व तेथून आग्नेय आशियाभर नेला गेला. भारतात मोझांबिक तिलापिया १९५२ साली आणली गेली. देशात अन्नधान्याची टंचाई होती. गावोगावच्या तळ्यांत पोसता येईल व गोरगरिबांना स्वस्त प्रथिने देईल असा मासा हवा होता. त्या हेतूत काही वावगे नव्हते. परंतु थोड्याच वर्षांत तिची बेसुमार वाढ ध्यानी आली आणि १९५९ साली तिच्या प्रसारास मनाई करण्यात आली. तोवर बीज अनेक तळ्यांत पोहोचले होते आणि तळ्यांतून नद्यांत. नाईल तिलापिया त्यानंतर देशात आली. आज भीमेवरील उजनी जलाशयात व त्याकाठच्या भिगवणच्या बाजारात चिलापीचे जे ढीग दिसतात त्यामागे हा इतिहास आहे.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत मोझांबिक तिलापियाचे नाव आहे. पण तिच्या मायदेशी मात्र तीच जात आता संकटात आलेल्या जातींत गणली जाते. याचे मुख्य कारण असे की तेथील नद्यांत नाईल तिलापिया सोडली गेली आणि तिच्याशी संकर होऊन शुद्ध मोझांबिक जात लोप पावू लागली. परघरी दांडगाई करणारा जीव स्वतःच्या घरी परक्यामुळेच दुबळा झाला. यावरून दोष माशाचा नसून त्याला अस्थानी नेण्याचा आहे, हे स्पष्ट होते.

कृष्णेत तिला थारा का मिळाला

मूळची कृष्णा ही चिलापीच्या सोयीची नदी नव्हती. पावसाळ्यात तिला सह्याद्रीवरून जोराचा पूर येई. पुढे पाणी ओसरून खडकाळ थड्या, वाहते उथळ पाणी व मधूनमधून खोल डोह असे तिचे रूप राही. या रूपाला साजेसे मासे तिच्यात वाढले. वाहत्या, निवळ पाण्याचा महसीर, दगडांच्या सांदीत राहणारी वाम, तळाशी फिरणारा शिंगाडा, काठच्या गवताळ पाण्यातला मरळ ही तिची जुनी मंडळी होत. त्यांपैकी महसिराला विणीसाठी स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी व खडीचा तळ लागतो.

गेल्या शतकाभरात नदीचे रूप पालटले. कराडच्या वरच्या अंगास खोडशीचा जुना बंधारा होताच. पुढे कोयनेवर, धोम येथे कृष्णेवर व इतर उपनद्यांवर धरणे झाली. खालच्या पात्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधले गेले. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बरगे घालतात आणि नदी लांबच लांब तळ्यांची माळ बनते. या पाण्यावर सातारा-सांगलीची बागायत उभी आहे. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. पाणी थांबले म्हणून तापू लागले, खडीवर गाळ बसला, गावांचे सांडपाणी व शेतांतील खतांचा अंश मिसळून शेवाळ वाढले. ऊबदार, संथ, गाळाच्या तळाचे व शेवाळाने भरलेले पाणी म्हणजे झांबेझीकाठच्या डबक्याचे वर्णन झाले. महसिराला जे घर नकोसे झाले ते चिलापीला आयते मिळाले. एकटी चिलापी हेच स्थानिक मासे कमी होण्याचे कारण आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. घर बदलले, मूळ रहिवासी दुबळे झाले आणि त्या रिकाम्या जागेत पाहुणा शिरला. मग त्याने त्यांची अंडी व अन्न खाऊन त्यांचे परतणे अधिक कठीण केले.

शेततळ्यात नुकसान कसे होते

समजा, तळ्यात दहा माद्या शिरल्या. प्रत्येकीच्या एका वेतात २०० पिले झाली व त्यांतील ६० जगली असे धरू. पहिल्याच वेताची ६०० पिले झाली. आठ ऊबदार महिन्यांत अशी पाच वेते झाली तर ३,००० पिले होतात. त्यांतील पहिल्या वेतातील माद्या तीन महिन्यांनी स्वतः विऊ लागतात तो हिशेब निराळाच.

तळ्याची माशांना पोसण्याची ताकद मात्र ठरलेली असते. एखादे तळे २४० किलो मासे पोसू शकते असे समजू. त्यात ३०० कटला-रोहू असतील तर प्रत्येकी ८०० ग्रॅमचा मासा मिळेल. त्याच तळ्यात ६,००० चिलापी झाल्या तर वाट्याला ४० ग्रॅम येतील. वजन तेवढेच भरते, पण पहिल्या मालाला गिऱ्हाईक आहे व दुसऱ्याला नाही. गर्दी झाली की चिलापी वाढणे थांबवते, परंतु विणे थांबवत नाही. बोटभर आकारातही तिला अंडी होतात. म्हणून अशा तळ्यात खाद्य वाढवून उपयोग होत नाही, उलट पिलांची संख्या वाढते.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. बीज सोडण्यापूर्वी तळे पूर्ण कोरडे करावे. प्लॅस्टिक अस्तराचे तळे उपसून, तळाचा गाळ काढून काही दिवस कडक उन्हात तापू द्यावे. मातीच्या तळ्यात खळग्यांतून पाणी राहते व त्यात चिलापी तग धरते, म्हणून तळाला भेगा पडेपर्यंत थांबावे.

२. पाणी उपसणे शक्य नसेल तर मोहाच्या बियांची पेंड वापरावी. १ मीटर खोल पाण्यास दर गुंठ्याला सुमारे २५ किलो पेंड भिजवून सर्वत्र सारखी फेकावी. मासे वर येऊ लागताच जाळ्याने काढून घ्यावेत. या पेंडीचा विषारी अंश साधारण तीन आठवडे टिकतो व नंतर ती खताचे काम करते. या मुदतीत ते पाणी ओढ्यात सोडू नये व जनावरांना पाजू नये. नवे बीज सोडण्यापूर्वी चार-सहा पिले बारीक जाळीच्या पिंजऱ्यात घालून एक दिवस पाण्यात ठेवावीत. ती जगली तरच बाकीचे बीज सोडावे.

३. पाणी आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या दोन्ही तोंडांना जाळी बसवावी. चिलापीची अंडी आईच्या तोंडात असल्याने ती पाण्याबरोबर वाहत येत नाहीत, परंतु तोंडाबाहेर पडलेली पिले जेमतेम सेंटीमीटरभर असतात. म्हणून मोठ्या भोकांची जाळी कुचकामी होय. आत येणाऱ्या नळाच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची लांब पिशवी घट्ट बांधावी. ती लांब असल्यास चटकन तुंबत नाही. पंप चालू असताना दररोज एकदा ती झाडून साफ करावी.

४. बोटुकली सरकारी किंवा खात्रीच्या मत्स्यबीज केंद्रातून घ्यावीत. पिशवी तळ्यात रिकामी करण्यापूर्वी थोडी पिले पांढऱ्या परातीत घेऊन पाहावीत. पाठीवर सलग काटेरी पर असलेले एकही पिलू दिसल्यास ते बीज घेऊ नये. कटला, रोहू व मृगळ यांची हेक्टरी ५,००० ते ६,००० बोटुकली, म्हणजे गुंठ्याला ५० ते ६०, सोडणे सर्वसाधारण तळ्यास योग्य होय.

५. महिन्यातून एकदा जाळे ओढून पाहावे. चिलापी दिसल्यास प्रथमच उपाय करावा. काठालगतचे खड्डे शोधून तेथे बारीक आसाचे जाळे वारंवार ओढावे. तोंड फुगलेली मादी हाती लागल्यास ती पाण्यावर धरू नये. ती घाबरून पिले थुंकते व ती पाण्यात निसटतात. तिला थेट बादलीत टाकावी. कार्प मासे चांगले मोठे झाले असल्यास मरळाची थोडी पिले सोडूनही चिलापीची पिले आटोक्यात ठेवता येतात. कार्प लहान असताना मात्र मरळ सोडू नये, तो त्यांनाच खाईल.

६. काढलेली चिलापी खावी, विकावी किंवा सुकवावी. अगदी बारीक पिले खतखड्ड्यात पुरावीत. कोणत्याही स्थितीत ती जिवंतपणी ओढ्यात, विहिरीत, पाझर तलावात किंवा नदीत सोडू नयेत. सर्व सूचनांत ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे.

७. नदीकाठच्या सखल जागी तळे असल्यास बांध पुरेसा उंच ठेवावा. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत कृष्णाकाठचे पाणी कोठवर चढले होते ते सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वेळी तळ्यातला मासा नदीत व नदीतला तळ्यात जातो. पावसाळ्याचा जोर वाढण्यापूर्वी विक्रीयोग्य मासे काढून घेणे इष्ट.

चिलापी पाळता येईल काय

हा प्रश्न सभांतून नेहमी विचारला जातो. मासा चवीला चांगला आहे, काटे कमी आहेत व बाजारात मागणी आहे. जगात कार्प कुळाच्या खालोखाल पाळला जाणारा मासा तिलापियाच होय. मग मनाई का, असा शेतकऱ्यांचा रास्त आक्षेप असतो. केंद्र शासनाने २००९ साली मार्गदर्शक नियम करून नाईल तिलापियाच्या संवर्धनास काही अटींवर वाट मोकळी केली आहे. त्यांतील मुख्य अट अशी की सोडावयाचे बीज केवळ नरांचे किंवा प्रजननक्षम नसलेले असावे, जेणेकरून तळ्यात वीण होणार नाही. दुसरी अशी की तळ्यातील मासा बाहेर पडणार नाही असा पक्का बंदोबस्त असावा व त्यासाठी परवानगी घेतलेली असावी. केवळ नरांच्या बीजात पेंडीचे मोल अंगावर चढते आणि मासा विक्रीच्या वजनास येतो. नदीतून धरून आणलेली चिलापी तळ्यात सोडणे म्हणजे मात्र वर सांगितलेले नुकसान हाताने ओढवून घेणे होय. ज्यांना हे संवर्धन करावयाचे असेल त्यांनी आधी आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन नियम समजून घ्यावेत. आफ्रिकी मांगुराच्या बाबतीत अशी कोणतीच सवलत नाही. त्याच्या संवर्धनास बंदी आहे हे ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना

आपल्या गावात किती तळी आहेत व त्यांपैकी कोणती पाणी ओढ्याला सोडतात याची एक साधी यादी करावी. मार्च ते मे या महिन्यांत पाणी निवळ असताना शाळेतील मुलांना घेऊन तलावाच्या काठाने एक फेरी मारावी आणि बशीसारखे खड्डे मोजावेत. मुलांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते व घरट्यांची ती राखण पाहून त्यांना जो आनंद होतो तो पुस्तकातून होत नाही. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर सभासदांशी बोलून घरट्यांच्या जागी विणीच्या काळातच मासेमारी करण्याचे ठरवावे. याच काळात मासा उथळ पाण्यात एकवटलेला असतो. मरळ किंवा वाम यांची बारीक पिले जाळ्यात आल्यास ती परत सोडावीत, हेही सांगावे.

नदीतून चिलापी आता समूळ जाणार नाही. तिला पुन्हा झांबेझीला पाठवता येणार नाही, तसेच कृष्णेचे थांबलेले पाणीही आपण सोडून देणार नाही. पण कृष्णेच्या खोऱ्यात अजून अशी पुष्कळ डोंगरी ओढे-तळी आहेत की जेथे ती पोहोचलेली नाही व जेथे जुने मासे टिकून आहेत. ती तशीच ठेवणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. वर ज्यांची हकीकत सांगितली त्या शेतकऱ्यांनी पुढील वर्षी तळे वाळवले, नळाला कापडी पिशवी बांधली आणि पुन्हा १,००० बोटुकली सोडली. त्या वर्षी जाळे ओढले तेव्हा रोहू किलोच्या घरात होते. काठावर जमलेल्या शेजाऱ्यांनी त्यांना बीज कोठून आणले ते विचारले. त्यांनी बीजाचे नाव सांगण्याआधी ती पिशवी सोडून सर्वांच्या हाती दिली.